जोड लागते तेव्हा

मृग जवळ आला की खानदेशात कृषी केंद्रापुढे कपाशीच्या पाकिटांसाठी रांग लागते. कोणतं वाण घ्यायचं, मागच्या वर्षी कोणाच्या शेतात काय उगवलं, पाकीट खरं की बोगस, ही चर्चा चोपड्यापासून शहाद्यापर्यंत सगळीकडे सारखीच. बियाण्याच्या पाकिटावर घर चालतं हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून गोल्फमधल्या रायडर कपची ओळखही पाकिटापासूनच करून घ्यावी.

सॅम्युअल रायडर हा इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्स गावचा बियाण्यांचा व्यापारी. एका पेनीला एक पाकीट, तेही टपालाने घरपोच, हा त्याचा धंदा. परसबागेपुरतं बी गरिबालाही परवडावं हा त्यामागचा हिशेब, आणि तो जमला. पन्नाशीच्या आसपास तब्येतीसाठी म्हणून तो गोल्फकडे वळला आणि त्यातच रमला. ब्रिटन आणि अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फपटूंमध्ये सांघिक लढत व्हावी म्हणून त्याने सोन्याचा कप दिला. १९२७ साली अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या वूस्टरला पहिली स्पर्धा झाली. कप फार मोठा नाही, जेमतेम १७ इंच उंच. झाकणावर काठी घेऊन उभा असलेला गोल्फपटू म्हणजे रायडरला खेळ शिकवणारा एब मिचेल. त्या पहिल्या दौऱ्यावर मिचेलला मात्र जाता आलं नाही. ऐन वेळी त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला आणि कपावर ज्याची मूर्ती, तोच घरी राहिला.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की बहुतेकांना नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं, आणि तिथे चालतं क्रिकेट. त्यामुळे टीव्हीवर एखादा गोल्फचा सामना लागला तरी दहा मिनिटांत कंटाळा येतो. हा कंटाळा साहजिक आहे. नेहमीच्या स्पर्धेत शंभराहून जास्त खेळाडू चार दिवस ७२ होल खेळतात (पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल), ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकतो. कोण कोणाशी लढतोय हेच दिसत नाही. रायडर कपमध्ये ते दिसतं. इथे एकूण फटक्यांना किंमत नाही. समोर एक प्रतिस्पर्धी किंवा एक जोडी, आणि प्रत्येक होल ही वेगळी झटापट. यात्रेतली कुस्त्यांची दंगल ज्याने पाहिली आहे त्याला हा खेळ लवकर कळेल असं मला मनापासून वाटतं, कारण सगळी मजा जोड कोणाशी लागते यात आहे.

हिशेब असा. आता लढत युरोप आणि अमेरिकेची, एका संघात १२ खेळाडू. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस, आणि २८ सामने. प्रत्येक सामन्याला एक गुण, बरोबरीत सुटला तर दोघांना अर्धा-अर्धा. शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी चार, दुपारी चार असे जोड्यांचे सामने, म्हणजे दोन दिवसांत १६. रविवारी बाराही जण एकेकटे उतरतात. ज्याच्याकडे आधीपासून कप आहे त्याला तो राखायला १४ गुण पुरतात, दुसऱ्याला साडेचौदा लागतात. हा अर्धा गुण नीट लक्षात ठेवायचा. १९८९ साली इंग्लंडमधल्या बेल्फ्रीवर १४-१४ झालं आणि कप युरोपकडेच राहिला.

एका सामन्यात १८ होल. होल कमी फटक्यांत संपवला की तुम्ही एकाने पुढे. समोरच्याने पुढचा जिंकला की पुन्हा बरोबरी. तुम्ही बर्डी केली (होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, एक कमी) की सात फटके मारून पाण्यातून चेंडू काढत बसलात, याने काही फरक पडत नाही. होल गेला तर एकच गेला. म्हणून एका होलला पार वाट लागलेला खेळाडू पुढच्या टी-वर, म्हणजे होल सुरू करायच्या जागी, शांत चेहऱ्याने उभा दिसतो. ‘३ अँड २’ असा निकाल दिसला तर त्याचा अर्थ तीन होलची आघाडी आणि खेळायचे उरले दोनच. म्हणजे सामना सोळाव्या होललाच संपला. ‘१ अप’ म्हणजे अठराव्यापर्यंत गेला. आघाडी जितक्या होलची, तितकेच होल शिल्लक असतील तर त्याला डॉर्मी म्हणतात. नियमांच्या पुस्तकातून हा शब्द आता गेला आहे, पण चाहत्यांच्या तोंडून गेलेला नाही. इथून पुढे आघाडीवाला हरू शकत नाही, फार तर बरोबरीत सुटेल.

जोड्यांचे प्रकार दोन, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण रायडर कप बहुतेक वेळा इथेच जिंकला किंवा हरला जातो.

फोरबॉल सोपा. दोघेही आपापला चेंडू खेळतात, आणि दोघांपैकी ज्याचे फटके कमी तो आकडा जोडीचा. एकाने सुरक्षित खेळून पार हातात ठेवायचा, दुसऱ्याने धोका पत्करायचा. एकाचा चेंडू झाडीत गेला तर तो सरळ उचलून खिशात घालतो, जोडीदार आहेच. इथे नुसत्या पारने होल क्वचित मिळतो, बर्डी लागते. एक बारकावा बघण्यासारखा आहे. ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, जोडीने कोणत्या क्रमाने खेळायचं हे जोडी स्वतः ठरवू शकते. एकाचा चार फुटांचा पारचा पुट (चेंडू खळग्यात घरंगळवायचा हलका फटका) आणि दुसऱ्याचा वीस फुटांचा बर्डीचा असेल, तर पुष्कळदा चार फूटवाला आधी खेळून पार पक्का करतो. मग वीस फूटवाल्याला चेंडू होलच्या पुढे किती जाईल याची भीती उरत नाही, तो मोकळ्या हाताने मारतो. आधी कोण वाकलं आणि का, एवढं बघितलं तरी जोडीची समज कळते.

फोरसम्स अवघड, आणि माझ्या मते गोल्फमधला सर्वांत सुंदर प्रकार. चेंडू एकच, दोघांनी आळीपाळीने मारायचा. एक जण विषम होलवर टी-वरून सुरुवात करतो, दुसरा सम होलवर. आधीच्या होलचा शेवटचा पुट कोणी टाकला याने हा क्रम बदलत नाही, आणि दंडाचा फटका पडला तरी पाळी बदलत नाही. चुकीच्या माणसाने मारलं तर होल हातातून जातो. म्हणून कप्तान आधी मैदानाचा नकाशा पुढ्यात घेतो. तीन फटक्यांचे छोटे होल सम आकड्यांवर आहेत की विषम? लांबलचक ड्राइव्ह, म्हणजे टी-वरचा पहिला लांब फटका, लागणारे कोणत्या बाजूला? ज्याचा लोखंडी क्लबवर, म्हणजे आयर्न काठीवर, हात बसलेला आहे त्याला छोटे होल येतील अशी वाटणी करायची.

त्यात पुन्हा चेंडूचं. प्रत्येक खेळाडू वर्षभर एकाच बनावटीचा चेंडू वापरतो. कोणाचा मऊ, जास्त फिरकी घेणारा, कोणाचा जरा कडक. आठ नंबरच्या आयर्नने आपला चेंडू किती यार्ड जातो हे त्याच्या हाताला माहीत असतं, दुसऱ्याचा चेंडू आला की ते गणित चार-पाच यार्डांनी चुकतं. होल सुरू करताना कोणाचा चेंडू टी-वर ठेवायचा हे जोडी ठरवू शकते. बहुधा दुसरा फटका, म्हणजे ग्रीनकडे नेमका मारायचा फटका, ज्याच्या वाट्याला येणार त्याचा चेंडू ठेवतात. ड्राइव्हला थोडा फरक चालतो, ग्रीनवर उतरवताना चालत नाही.

आणि फोरसम्सचं खरं ओझं मनावर असतं. स्वतःचा चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, घातला तर स्वतः जाऊन काढता येतो. इथे तुम्ही घातलेला जोडीदाराला काढावा लागतो. जी जोडी फटका चुकल्यावर एकमेकांची माफी मागत बसते ती हळूहळू घाबरून खेळू लागते. चांगल्या जोड्या शुक्रवारी सकाळीच ठरवून टाकतात, आज दिवसभर ‘सॉरी’ म्हणायचं नाही. स्पेनचे सेव्हे बायेस्तेरोस आणि होसे मारिया ओलाथाबाल ही जोडीच्या खेळातली सर्वांत मोठी नावं. फोरबॉल आणि फोरसम्स धरून दोघे मिळून १५ सामने खेळले, ११ जिंकले, २ बरोबरीत सुटले, फक्त २ हरले.

चुकीची जोड लागली तर काय होतं, हे २०२५ साली न्यू यॉर्कच्या बेथपेज ब्लॅकवर दिसलं. अमेरिकेच्या कॉलिन मोरिकावा आणि हॅरिस इंग्लिश या जोडीला शुक्रवारच्या फोरसम्समध्ये रोरी मॅकिलरॉय आणि टॉमी फ्लीटवूड यांनी ‘५ अँड ४’ने हरवलं. शनिवारी कप्तान कीगन ब्रॅडलीने तीच जोडी पुन्हा उतरवली, समोर पुन्हा तेच दोघे आले, पुन्हा हार. दोन्ही दिवशी फोरसम्स ३-१ने युरोपच्या खिशात गेले. शनिवारी रात्री फलक होता युरोप साडेअकरा, अमेरिका साडेचार. रविवारी अमेरिकेने एकेरीत जोरदार मुसंडी मारली, तरी युरोप १५-१३ने जिंकला.

आपल्या फडात पंच दोन्ही पैलवानांना शेजारी उभं करतात, वजन-ताकद डोळ्यांनी मापतात आणि मग जोड लावतात. रायडर कपमध्ये असं नाही. दोन्ही कप्तान आपापली यादी एकमेकांना न दाखवता देतात, पहिला पहिल्यासमोर, दुसरा दुसऱ्यासमोर. त्यामुळे रविवारच्या बारा नावांचा क्रम लावणं हीच मोठी लढाई. पिछाडीवर असलेल्याने आपले बळकट गडी वर घालावेत, हा जुना अनुभव. १९९९ साली ब्रुकलाइनला अमेरिका ६-१० अशी मागे होती. त्यांनी वरचे सहाच्या सहा सामने जिंकले आणि फलकाचा रंगच बदलून गेला. तेव्हा युरोपच्या कप्तानाने तीन नवख्यांना पहिले दोन दिवस एकदाही खेळवलं नव्हतं. रविवारी तिघेही थेट आगीत उतरले आणि तिघेही हरले. २०१२ साली मेडायनाला हाच डाव युरोपने उलटवला. तेही ६-१० मागे होते, पहिले पाचही सामने त्यांनी जिंकले आणि साडेचौदा-साडेतेरा असा कप नेला.

उलट उदाहरण २००२ चं. रविवारी सकाळी ८-८ अशी बरोबरी होती. अमेरिकेने टायगर वूड्सला बाराव्या, म्हणजे शेवटच्या जागी ठेवलं. निकाल अटीतटीला आला तर हुकमी माणूस हातात असावा हा विचार. पण त्याचा सामना संपण्याआधीच आयर्लंडच्या पॉल मॅकगिन्लीने अठराव्यावर पुट टाकून कप युरोपकडे नेला होता. जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू अजून मैदानात, आणि लढाई संपलेली.

फलक वाचायला एवढी तयारी पुरते. युरोप निळा, अमेरिका तांबडी. ज्याची आघाडी त्याचा रंग, बरोबरी असेल तर रंग नाही. आत्ताच खेळ थांबला तर काय, हा हिशेब दर अर्ध्या तासाने मनात करायचा. समजा रविवारी सकाळी युरोप ९, अमेरिका ७. बारा सामन्यांत चार निळे, सहा तांबडे, दोन बरोबरीत. म्हणजे युरोपचे ९ अधिक ४ अधिक १, एकूण १४. अमेरिकेचे ७ अधिक ६ अधिक १, तेही १४. कप ज्याच्याकडे होता त्याच्याचकडे राहिला. आता त्या दोन बरोबरीच्या सामन्यांवर डोळा ठेवायचा. घरातलं कोणी जाता-जाता ‘काय व्हयनं?’ विचारेल तेव्हा नुसता आकडा सांगू नये, कितव्या होलला तेही सांगावं. चौथ्या होलला एकाची आघाडी म्हणजे काहीच नाही. पंधराव्यानंतरची एकाची आघाडी फार मोठी.

आता ‘दिला’ म्हणण्याविषयी. पुट अगदी छोटा असेल तर प्रतिस्पर्धी तो ‘दिला’ म्हणू शकतो, म्हणजे न मारताच गेला असं धरायचं. एकदा दिला की परत घेता येत नाही, समोरच्याला नाकारताही येत नाही. मुरलेले खेळाडू सुरुवातीला दोन-दोन फुटांचे पुट सहज देतात आणि पंधराव्या होलनंतर अचानक गप्प बसतात. दिवसभर छोटे पुट मारलेच नाहीत म्हणून हाताला त्यांची सवय राहिलेली नसते, आणि तोच दोन फुटांचा पुट आता डोंगराएवढा दिसतो. म्हणून कोणी कुठे दिला आणि कुठे नाही, हे मनात टिपत राहावं.

या एका शब्दाने माणसं मोठी झाली आणि अडचणीतही आली. १९६९ साली रॉयल बर्कडेलला शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या होलवर जॅक निकलॉसने टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा पुट दिला. स्पर्धा १६-१६ सुटली. तेव्हा सामने ३२ असत. निकलॉसच्या स्वतःच्या संघातले काही जण त्याच्यावर रागावले, पण पन्नास वर्षांनंतरही त्या वर्षाची आठवण निघते ती त्या दिलेल्या पुटसाठी. बायकांच्या सोलहाइम कपमध्ये २०१५ साली जर्मनीत याच्या उलट घडलं. अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीला वाटलं, दीड फुटाचा पुट दिला आहे, आणि तिने चेंडू उचलला. युरोपची सुझान पेटरसन म्हणाली, दिलेला नाही. नियमाने होल गेला, सामनाही गेला. पण तो राग अमेरिकेच्या उरलेल्या खेळाडूंमध्ये असा पेटला की ६-१० वरून त्या साडेचौदा-साडेतेराने जिंकल्या. पेटरसन नियमाने बरोबर होती. तरी त्या ठिकाणी पुट द्यायलाच हवा होता असं मला वाटतं, आणि पुढे तिने स्वतःही माफी मागितली.

आणखी एक नियम माहीत असावा, नाहीतर ऐन रविवारी गोंधळ होतो. शनिवारी दोन्ही कप्तान आपल्या एकेका खेळाडूचं नाव बंद पाकिटात ठेवतात. समोरच्या संघातला कोणी दुखापतीने उतरू शकला नाही तर ज्याचं नाव पाकिटात आहे तो बसतो आणि तो सामना बरोबरीत धरतात. बेथपेजला नॉर्वेच्या व्हिक्टर हॉव्हलँडची मान धरली, अमेरिकेच्या पाकिटात हॅरिस इंग्लिशचं नाव होतं, अर्धा-अर्धा गुण वाटला गेला.

यजमानाला मैदान आपल्या सोयीने तयार करता येतं. रफ किती वाढवायचं, फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, किती रुंद ठेवायचा, ग्रीन किती वेगवान. ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर नावाची ३६ इंचांची अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ असते. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि सपाट ग्रीनवर तो किती फूट घरंगळतो ते मोजायचं. २०१८ साली पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनलवर युरोपने फेअरवे अरुंद केले आणि रफ दाट वाढवलं. लांब पण वाकडे ड्राइव्ह मारणारे अमेरिकन त्यात अडकले आणि साडेसतरा-साडेदहा असे हरले.

भारताचा माणूस या कपमध्ये दिसणार नाही, कारण ही लढत युरोप-अमेरिकेची. युरोपसुद्धा १९७९ पासून. आधी नुसतं ब्रिटन, मग १९७३ पासून आयर्लंडसह. सामने फार एकतर्फी होऊ लागले म्हणून सगळ्या युरोपला घ्या असं निकलॉसने सुचवलं. त्यानंतरच्या २३ स्पर्धांपैकी युरोपने १३ जिंकल्या, अमेरिकेने ९, एक बरोबरीत. आपला अनिर्बान लाहिरी खेळला तो प्रेसिडेंट्स कपमध्ये. त्यात अमेरिकेसमोर युरोप सोडून बाकी जग असतं. २०१५ साली दक्षिण कोरियात तो अठराव्यावर ख्रिस कर्कविरुद्ध छोटा पुट चुकला आणि अमेरिका एका गुणाने जिंकली. २०१७ साली तो पुन्हा उभा राहिला. एवढ्या मोठ्या चुकीनंतर दोन वर्षांत त्याच मंचावर परत येणं सोपं नसतं.

पुढचा रायडर कप आयर्लंडमध्ये लिमरिकजवळच्या अडेर मॅनरला, १७ ते १९ सप्टेंबर २०२७. कपाची शंभरी त्याच वर्षी. जायचा विचार असेल तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, शेंगेन चालत नाही. जवळचं मोठं विमानतळ शॅनन. पाऊस गृहीत धरावा. २०१० साली वेल्समध्ये इतका पाऊस झाला की स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली, आणि अमेरिकन संघाचे रेनकोटच गळायला लागले म्हणून त्यांनी मैदानातल्या दुकानातून नवे विकत घेतले. तेव्हा पाणी न शिरणारे बूट आणि जाकीट आधी, बाकी सामान नंतर.

मैदानात एकाच जोडीमागे चालत जाऊ नये. सकाळी मैदानावर सामने चारच असतात आणि हजारो माणसं त्यांच्यामागे, फक्त पाठी दिसतात. दोन सामन्यांत साधारण १५-१६ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे पाचव्या होलच्या ग्रीनजवळ जागा धरली तर पाऊण-एक तासात चारही सामने समोरून जातात. मग आडव्या वाटेने दहाव्याजवळ, तिथून पंधराव्याजवळ. अठराव्यावर जाऊन बसण्याची चूक पुष्कळ जण करतात. बरेच सामने तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. रविवारी १२ सामने ११-११ मिनिटांनी सुटतात, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत दोन तास लागतात. त्या दिवशी पंधराव्या-सोळाव्याजवळ बैठक मारावी आणि हलू नये. ओरडा, गाणी म्हणा, पण खेळाडू चेंडूवर उभा राहिला की आवाज बंद. बेथपेजला मॅकिलरॉयला गर्दीतून ज्या शिव्या ऐकाव्या लागल्या, ते संघावरचं प्रेम नव्हे.

घरून बघणाऱ्यांनी घड्याळ आधी लावून घ्यावं. सप्टेंबरात आयर्लंड आपल्या साडेचार तास मागे. तिकडे सकाळी साडेसातला पहिली जोडी टी-वर आली तर आपल्याकडे दुपारचे बारा. पितृपक्ष नुकताच लागलेला असेल, बागायती कपाशीची बोंडं फुटायला लागलेली असतील. रविवारी एकेरी साधारण चारला सुरू होईल आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत निकाल हातात येईल. लाईट गेली तर मोबाईलवरचा निळा-तांबडा फलक पुरतो.

२०२९ चा कप अमेरिकेत मिनेसोटामधल्या हेझेलटाइनला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, आणि न्यू यॉर्कपेक्षाही एक तास वेगळं. हा एक तास भल्याभल्यांना फसवतो. २०१२ साली मेडायनाला मॅकिलरॉयने आपली ११:२५ ची वेळ न्यू यॉर्कच्या घड्याळाने १२:२५ अशी वाचली आणि तो हॉटेलात निवांत राहिला. शेवटी पोलिसांच्या गाडीतून त्याला आणलं, सामन्याला दहा-अकरा मिनिटं उरली असताना. नीट सराव न करता तो उतरला आणि ‘२ अँड १’ने जिंकला. समोर होता कीगन ब्रॅडली. हेझेलटाइनला रविवारची एकेरी तिकडे सकाळी अकराच्या सुमाराला सुरू झाली तर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि मधल्या जोड्या सतराव्यावर येतील तेव्हा पहाटेचे अडीच. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवलेली बरी.